अर्धवट आलेला मजला

लिफ्ट थांबली तेव्हा ती मनातल्या मनात कपाटाची वाटणी करत होती. मोठं कपाट नवऱ्याला द्यावं, ते त्याच्या वडिलांनी घेतलेलं. शिलाई मशीन आपण ठेवावं, सुईत दोरा ओवायचाही कंटाळा असला तरी. जेवणाच्या टेबलाचं काय ते नंतर बघू. तेवढ्यात दिवे लुकलुकले, पायाखालून कुणीतरी काहीतरी हलकेच ओढून घेतल्यासारखं झालं आणि लिफ्ट जिथल्या तिथे उभी राहिली. दारावरच्या पट्टीत चौदाचा आकडा क्षणभर दिसला, मग पट्टीही काळी पडली. छतातला एक छोटा दिवा तेवढा बॅटरीवर तग धरून राहिला. चौदाव्या मजल्यावर तिचं घर होतं. म्हणजे अगदी दाराशी येऊन अडकली म्हणायची. “आता एवढंच बाकी होतं,” ती मोठ्याने म्हणाली, आणि त्या बंद पेटीत स्वतःचाच आवाज इतका जवळून ऐकू आला की तिला कसंतरीच झालं. आतलं दार हाताने ढकलून बघितलं, तर वीतभर सरकलं. समोर सिमेंटची खडबडीत भिंत होती. ती भिंत संपत होती तिथे, तिच्या कपाळाच्या उंचीवर, बाहेरच्या दाराची खालची कड होती आणि त्या कडेखालून व्हरांड्यातल्या संध्याकाळच्या उजेडाची एक रेघ आत येत होती. घराची पायरी डोळ्यांसमोर आणि आपण खड्ड्यात, असा सगळा मामला.

कपाटाची वाटणी अशासाठी, की नवरा घर सोडून जाणार होता. हे तिला आज सकाळीच कळलं होतं, तेही उभ्या उभ्या, ऑफिसला निघताना. तिचा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर तोंडाला फडकं बांधून मेणात आणि प्लास्टरमध्ये दुसऱ्यांचे दात कोरत बसायचं काम. बोलायची वेळच येत नाही. त्यातून गडी मूळचाच सावकाश. वाक्य सुरू करतो, मध्येच थांबतो, खिडकीबाहेर बघतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावून कधीतरी पुढचा शब्द काढतो. लग्नाआधी तिला हे फार गोड वाटायचं. पुढचा शब्द तीच पुरवायची आणि तो चकित होऊन म्हणायचा, “तुला कसं कळलं?” लग्नानंतर तो चकित व्हायचा थांबला, ती मात्र पुरवायची थांबली नाही. आज सकाळी तो पाठमोरा उभा राहून कप विसळत होता. नळ बंद केला आणि म्हणाला, “मला आता इथे...” आणि थांबला. तिचा एक पाय चपलेत, एक बाहेर. गेले कित्येक आठवडे घरात पसरलेली मुकी शांतता, झोपताना तिच्याकडे होणारी त्याची पाठ, जेवताना नुसता भांड्यांचा आवाज, सगळं एकदम तिच्या घशाशी आलं. “राहायचं नाही. असंच ना?” ती म्हणाली. “मग नको राहूस. कुणी धरून ठेवलंय?” तो वळला. तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मग कप पालथा घातला, पिशवी उचलली आणि कामावर निघून गेला. झालं. एवढ्या भांडवलावर तिने दिवसभरात घटस्फोटाचा अख्खा संसार मांडला होता: आधी कुणाला सांगायचं, बहिणीच्या प्रश्नांना तोंड कसं द्यायचं, एकटीचा स्वयंपाक केवढ्या भांड्यात करायचा. दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडूनही झालं होतं. त्याच्यावाचून राहायची आपली मुळीच इच्छा नाही, हे रडताना तिला स्वच्छ कळलं, आणि आता कळून उपयोग काय, असंही वाटलं.

तिने लाल बटण दाबलं. खरखर झाली आणि जाळीतून एका पुरुषाचा आवाज आला, जेवण नुकतंच अंगी लागल्यासारखा निवांत. “नमस्कार, कंट्रोल रूम. बोला.” आता गंमत बघा, ही कंट्रोल रूम तिच्याच कंपनीची. शहरातल्या शेकडो लिफ्टवर नजर ठेवणारी सिस्टीम ही कंपनी चालवते आणि त्या सिस्टीमचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी ती एक. तिच्या टेबलाच्या बरोबर खालच्या मजल्यावर ही माणसं पडद्यांसमोर बसतात. पण आवाजावरून कोण कोणाला ओळखतो?

“मी लिफ्टमध्ये अडकलेय. चौदावा मजला.”

“घाबरायचं नाही, मॅडम. लिफ्ट दिसतेय मला तुमची. मेकॅनिक जवळपासच आहे, पाठवलाय. तुम्ही पहिल्या मजल्यावर आहात.”

“चौदाव्या.”

“पहिल्या, मॅडम. होतं असं. अंधारात माणूस गांगरतो, मजल्याचं भान राहत नाही.”

“अहो, मला माझं घर कळतं ना!”

“तसं नाही हो. पण इथे स्वच्छ लिहिलंय. दार बंद, वजन एका माणसाचं, मजला एक. हिरव्या अक्षरात आहे. हिरवं म्हणजे पक्कं.” मग त्याला तिची दया आली असावी, कारण तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “आमच्याकडे आत्ताच नवीन सिस्टीम आलीय, मॅडम. फार हुशार आहे.”

ते हिरवं अक्षर तिने स्वतः निवडलं होतं. कुठली छटा डोळ्यांना बरी वाटेल यावर अर्धी दुपार घालवली होती.

प्रत्येक लिफ्टच्या डोक्यावर एक डबी असते. काही बिघडलं की ती डबी एक ओळ मजकूर पाठवते: कुठली लिफ्ट, दार कसं आहे, वजन किती, आणि सगळ्यात शेवटी मजला कितवा. मजकूर म्हणजे नुसती अक्षरांची माळ. त्या माळेतून वापरता येईल अशी वस्तू करावी लागते, जिला विचारलं की मजला कितवा, की ती नेमकं उत्तर देईल. त्यासाठी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामच्या भाषेत एक आयतं फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करून देणारा तुकडा, मिळतं, पण ते नाकाने कांदे सोलणारं. एक स्वल्पविराम जास्त झाला, अवतरणचिन्ह दुहेरीच्या जागी एकेरी आलं, शेवटचा महिरपी कंस राहून गेला, की ते सरळ हात वर करतं. बाकीची ओळ कितीही बरोबर असो, त्याच्या लेखी शून्य. कंपनीतल्या जुन्या मंडळींनी साधा नियम करून टाकला होता: फंक्शनने नाकारलं की ओळ टाकून द्यायची. ही कंपनीत आल्यावर एकदा सहज टाकलेल्या ओळी वाचत बसली आणि तिच्या लक्षात आलं, की धडधाकट लिफ्ट धडधाकट ओळ पाठवते. जिथे वीज गेलीय, जिथे कुणीतरी अडकलंय, तिथल्याच डबीचा श्वास मध्ये तुटतो आणि ओळ अर्धी राहते. म्हणजे जी अडचणीत आहे नेमकी तिलाच आपण केराची टोपली दाखवतो. हे तिने मीटिंगमध्ये इतक्या पोटतिडकीने सांगितलं होतं की तिचा तिलाच गहिवर आला होता. मग जीव ओतून तिने दुरुस्तीचं फंक्शन लिहिलं. एकेरी चिन्हं दुहेरी करायची, फाजील स्वल्पविराम छाटायचे, उघडलेले कंस मोजायचे आणि जितके उघडे राहिलेत तितके शेवटी लावून ओळ बंद करायची. मग तीच ओळ त्या नाक उडवणाऱ्या फंक्शनपुढे ठेवली की ते निमूटपणे वस्तू काढून देतं. मोडकीतोडकी ओळ आत जायची, नीटनेटकी वस्तू बाहेर यायची. ऑफिसात सगळे तिला डॉक्टर म्हणायला लागले. साहेबांनी केक कापला. याच आठवड्यात ते फंक्शन खऱ्या लिफ्टना लावलं होतं.

आणि चाचणी घेणारी बाई तिला म्हणाली होती. वयाने मोठी, बोलायला हळू, कायम शालीत गुरफटलेली. केक खाता खाता जवळ येऊन म्हणाली होती, “पण गं, जर आकड्याच्या मध्येच...” आणि हिने बशी खाली ठेवायच्या आत उत्तर दिलं होतं, “कुठेही तुटू दे, ताई, कंस बंद होतो. निर्धास्त राहा.” बाई म्हणाली “बरं,” आणि केक संपवून निघून गेली. आता त्या अर्ध्या उजेडात तिला बाईंचं ते वाक्य पुरतं दिसलं. चौदा म्हणजे एकावर चार. डबीने मजला सांगायला घेतला, एक लिहिला, आणि चार लिहायच्या आत वीज गेली. मग हिचं फंक्शन धावत आलं, त्या एकाच्या पाठीवर कंस ठोकला, हिरवा रंग दिला आणि जगाला सांगितलं: मजला एक. जुन्या मंडळींनी निदान ओळ फेकून तरी दिली असती; काही कळलं नाही हे तरी सगळ्यांना कळलं असतं. हिने कळल्यासारखं करून ठेवलं होतं. तिने कपाळावर हात मारला, खरोखरीच, आणि तो आवाजही पेटीत घुमला.

“मॅडम, बऱ्या आहात ना?” जाळीतून आवाज आला.

“बरी आहे. तुमच्या पडद्यावर त्या नोंदीखाली एक बटण आहे बघा. मूळ मजकूर असं लिहिलेलं. ते दाबा.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“दाबा तर खरं. शेवटचं अक्षर काय आहे?”

“एक.”

“एकाच्या पुढे? स्वल्पविराम, कंस, काही?”

“काहीच नाही. रिकामं आहे.”

“म्हणजे आकडा संपलाय की नाही, आपल्याला माहीत नाही. एक असेल, किंवा एकाने सुरू होणारं काहीही असेल.”

“मग हे हिरवं कशाला दाखवतात?”

“मीच दाखवलंय. ते मी लिहिलंय.”

“काय सांगता!” आणि मग, हसू दाबत, “म्हणजे तुम्ही लिहिलंत आणि तुम्हीच सापडलात की हो. थांबा, मेकॅनिकला वर पिटाळतो. तो बिचारा पहिल्या मजल्यावरचं दार उघडून नुसत्या खड्ड्यात टॉर्च मारत बसलाय.”

ती खाली बसली. फरशी गार होती आणि तिला ग्रीसचा वास येत होता. हसू येत होतं, पण हसता हसता तिला सकाळची त्याची ओळ आठवली. मला आता इथे... या ओळीच्या पुढे काय होतं? स्वल्पविराम नव्हता, कंस नव्हता. रिकामं होतं. राहायचं नाही हे शब्द त्याचे नव्हतेच; ते तिचे होते, तिच्या भीतीतून आलेले, आणि दिवसभर ती ते त्याच्या नावावर वापरत आली होती. तो “हो” म्हणाला होता का? नव्हता म्हणाला. “नाही” म्हणाला होता का? तेही नाही. तिने त्याच्या एकावर कंस ठोकला आणि वर कपाटं वाटायला बसली. पण लगेच मनाने दुसरी बाजू घेतली: म्हणजे तो राहणार आहे असंही नाही, बाई. पुढे काय होतं ते तुला माहीत नाही, एवढंच. हुरळून जाऊ नकोस. आणि हे माहीत नसणं इतकं उघडंवाघडं होतं, की त्यापेक्षा तो घटस्फोट बरा होता असं तिला क्षणभर वाटलं. निदान त्यात कामाची यादी तरी करता येत होती.

ही खोड कुठली, तेही तिला ठाऊक होतं. तिची आई वाक्य कधी पुरं करायची नाही. “अगं, ते जरा...” एवढंच म्हणायची, आणि हातभर पोर असताना ही ते जरा म्हणजे काय ते ओळखून आणून द्यायची: कात्री, चष्मा, मधला डबा. पाहुणे कौतुक करायचे, लेक आईच्या मनातलं ओळखते म्हणून. तिच्या थोरल्या बहिणीला हे कधी जमलं नाही, ती आपली “काय जरा?” म्हणून ढिम्म उभी राहायची आणि बोलणी खायची. घरात लाड कुणाचे व्हायचे हे सांगायला नको. पुढे आईला डॉक्टरांनी तपासलं त्या आठवड्यात आई कप हातात घेऊन म्हणाली, “साखर जरा...” आणि ही म्हणाली, “नको ना? बरोबर आहे, आजपासून बंदच करू.” आईने त्यानंतर जन्मभर बिनसाखरेचा चहा घेतला. आई गेल्यावर मावशीने सांगितलं, की आईला साखरेचा काही त्रास नव्हताच मुळी. तिला त्या दिवशी थोडी जास्त हवी होती. “मग बोलली का नाही?” हिने विचारलं होतं. मावशी डोळे पुसत हसली होती. “लेक एवढ्या मायेने करते, तिचं मन मोडवेना म्हणाली. मग सवय झाली म्हणे. बरा लागतो म्हणायची.” तेव्हा ही पण हसली होती. हा किस्सा ती लोकांना रंगवून सांगायची. आज पहिल्यांदा त्यातला तो कप तिला दिसला, रोज सकाळी आईच्या हातात दिलेला, आणि तिला भडभडून आलं. मायेने केलं होतं, यात शंका नव्हती. सकाळचं मात्र मायेने नव्हतं. सकाळचं घाबरून होतं.

वर कुलूप वाजलं. दार उघडल्याचा आवाज आला, तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. त्यांच्या दाराची खालची कड फरशीला घासते. मग पावलं. मग उजेडाच्या त्या रेघेत दोन सावल्या येऊन थांबल्या, दोन पायांच्या.

“कुणी आहे का आत?” नवऱ्याचा आवाज.

“मी आहे.” ती ताडकन उभी राहिली.

“तू?” मग नेहमीसारखा थांबला. “लागलं का कुठे?”

“नाही. मेकॅनिक येतोय. तू लवकर आलास?”

“हो. आज...” आणि शांतता.

तिच्या जिभेवर पुढचे शब्द रांग लावून उभे होते. आज सामान घ्यायला. आज बोलून टाकायला. आज डोकं दुखत होतं म्हणून. तिने खरोखर ओठ दातांखाली धरला. पेटीत आवाज नव्हता. समोर त्याचा चेहरा असता तर तिने त्यावरचं काहीतरी वाचलं असतं आणि बोलून गेली असती. इथे वाचायला नुसत्या दोन सावल्या. त्या हलल्या नाहीत, एवढाच काय तो आधार.

“आज कामात लक्ष लागेना,” तो म्हणाला. “एका म्हाताऱ्यांचे वरचे दात खाली लावले.”

ती फस्सकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. वर तोही जरासा हसला असावा. आता विचारलं नाही तर परत धीर होणार नाही, हे तिला कळत होतं. तिने कपाळ त्या खडबडीत भिंतीला टेकवलं.

“अरे, सकाळी तू काय म्हणत होतास? माझं सोड. तू काय म्हणत होतास?”

वाट बघणं हे काम आहे हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हात दुखतात, मान दुखते, कानात रक्त वाजतं. खाली कुठेतरी मेकॅनिक जिना चढत होता आणि फोनवर कुणावर तरी चिडत होता. छतातला दिवा बारीक झाला. एकदा तिला वाटलं तो निघून गेला. टाचा उंच करून बघितलं, तर सावल्या होत्या. एक सावली मोठी झाली. तो खाली बसत होता, दाराजवळ, फरशीवर.

“मला माहीतच नव्हतं,” शेवटी तो म्हणाला. आवाज आता फटीतून सरळ तिच्या केसांवर येत होता. “पुढचं. सुरुवात केली की माझं पुढचं येतं... कधीकधी. पण तू आधीच पोचलेली असतेस. मग मी तिथेच येतो, तू असतेस तिथे. सोपं पडतं.” थांबला. “सकाळी तू म्हणालीस, राहायचं नाही. मला वाटलं, हेच असेल बहुतेक. तुला नेहमी कळतं.”

काहीतरी म्हणायला हवं होतं. तिने म्हटलं नाही.

“दुपारी एक खोली बघून आलो.”

ते वाक्य पूर्ण होतं. त्याला सगळे कंस होते. तिने भिंतीला धरलं.

“बरी आहे. उजेड चांगला येतो. मालक म्हणाला, कधीही या राहायला.” पुन्हा शांतता, आणि या वेळची एवढी लांब, की तिने मनात अक्षरशः हात जोडले, कुणाला कोण जाणे. “तिथे उभा राहिलो आणि भिंतीला हात लावून बघितला. आणि म्हटलं, मी इथे का आलोय? मला कुठे जायचं होतं? मला तर नुसतं सांगायचं होतं, की मला आता इथे... घरात... एकटं वाटतं. तू असताना. तू बोलत असताना जास्त.”

आता बघा, दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने यावर दहा वाक्यं दिली असती. असं कसं म्हणतोस, मी तर तुझ्यासाठी, मग मी गप्पच बसते. दहाही वाक्यं तिच्या घशापर्यंत आली आणि तिथेच राहिली. लागलं होतं; खोल लागलं होतं. पण जे लागलं होतं ते खरं होतं, तिने बनवलेलं नव्हतं, आणि दिवसभर ज्या दुःखाशी ती भांडत होती त्यापेक्षा ते कितीतरी वेगळं, लहान आणि जिवंत होतं. एकटं वाटणारा माणूस अजून घरातच असतो.

“ऐकतेयस ना?” त्याने विचारलं.

“ऐकतेय,” ती म्हणाली. रडू आवाजात आलं, ते तिने लपवलं नाही. “अजून काही असेल तर सांग. मला घाई नाही. तशी मी जाणार तरी कुठे?”

तो खरंच हसला. मग म्हणाला, “मला वाटतं, आपण...”

आणि वर गच्चीवर मेकॅनिकने ब्रेक सैल केला. “मॅडम, सांभाळा, खाली घेतोय!” जाळीतून ऑपरेटर ओरडला. लिफ्ट एक आचका देऊन खाली सरकू लागली. उजेडाची रेघ वर गेली, सावल्या वर गेल्या, सिमेंटची भिंत डोळ्यांसमोरून खरखरत सरकली, आणि त्याचं ते आपण तसंच वर राहिलं. तिला वेड्यासारखं ओरडावंसं वाटलं: थांबवा हो, दोन मिनिटं थांबवा! जन्मभर लोकांना पुढे ढकलत आलेली बाई, आज तीच थांबवा म्हणत होती. तेराव्या मजल्याचं दार समोर आलं, बाहेरून कुणी न उघडता आपोआप सुटलं. तेराव्यावर चिटपाखरू नव्हतं. “आलात का बाहेर?” ऑपरेटरने विचारलं. “आले,” ती म्हणाली. “आणि हे बघा, त्या नोंदीत मजला एक खोडा.”

“मग काय लिहू? चौदा?”

“अर्धवट आला असं लिहा. आणि अशी ओळ आली की आधी परत विचारायचं, मजला कितवा. उद्या मी तशी सोय करते.” उद्या शालवाल्या बाईंच्या टेबलाशी जायचं, खुर्ची ओढून बसायचं आणि त्यांना बोलू द्यायचं, हेही तिने ठरवून टाकलं. हिरवा रंग जाईल, साहेब नाराज होतील, होऊ देत.

जिन्यात पावलं वाजत होती. तो दोन दोन पायऱ्या उतरत येत होता, पायात चप्पल नव्हती. वळणावर आला आणि तिला बघून थांबला, कठड्याला धरून, धापा टाकत. कानामागे पांढरं प्लास्टर सुकलेलं होतं. सकाळपासून पहिल्यांदा तिने त्याचा चेहरा बघितला आणि त्यावरचं काहीही वाचायचा प्रयत्न केला नाही. ती त्याच्याखालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

“तू म्हणत होतास, आपण...” ती म्हणाली, आणि तिथे थांबली.

त्याने श्वास घेतला. खिडकी नव्हती, तरी तो नेहमीसारखा खिडकीबाहेर बघितल्यासारखा कुठेतरी बघत राहिला. वरून मेकॅनिक उतरत आला, दोघांना अंग चोरून वाट करून द्यावी लागली. “आता चालू आहे बरं का, बिनधास्त जा,” असं लिफ्टकडे बोट दाखवून तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज विरून गेला तरी ती गप्पच होती.

“मला नाही माहीत गं,” तो शेवटी म्हणाला. घाबरत म्हणाला, परीक्षेत पाटी कोरी दाखवावी तसा. “आपण काय करायचं ते. खरंच नाही माहीत. खोली नकोय, एवढं माहीत आहे.”

“मग बाकीचं नाही माहीत असंच राहू दे,” ती म्हणाली. “मी काही घालत नाही त्यात. उद्या परत विचारीन.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने चुकून काही जोडलं तर, म्हणून जरा वेळ थांबलाही. ती थांबली होती.

“विचार,” तो म्हणाला.

लिफ्ट दार उघडून उभी होती. ती दोघं जिन्यानेच वर गेली.